ठशावरची शाई

शिलालेखांच्या ठशांची जुनी वही टेबलावर उघडली की संवर्धकाची नजर आधी अक्षरांवर जात नाही, सांध्यांवर जाते. पट्ट्या कुठे जोडल्यात, खळ कुठे सुटलीय, कसर कुठून शिरली, अस्तराचा कागद मूळचा की मागाहून लावलेला, हे आधी. अक्षर सुंदर आहे की नाही हा प्रश्न आमच्या कामात फार उशिरा येतो. पण हांगझौच्या एका कार्यशाळेत जुने पट आणि ठसे दुरुस्त करता करता माझ्या लक्षात आलं, की सुंदर कशाला म्हणायचं यावर चिनी रसिकांनी शतकानुशतकं जो वाद घातला, तो त्या सांध्यांतच साठलेला आहे. कुणी काय कापलं, काय जपलं, कुठे शिक्का मारला, कुठे गुपचूप शाई भरली, यावरून त्या त्या काळाची आवड ओळखू येते. ग्रंथ मी नंतर वाचले.

ठसे काढायला मी शिकले ते महाराष्ट्रात. कार्ले, कान्हेरी, जुन्नर इथल्या लेण्यांत ब्राह्मी दानलेख आहेत. कुणा व्यापाऱ्याने खांब दिला, कुणा भिक्षुणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, असे. काढायची रीत दोन्ही देशांत बरीचशी सारखी. दगड साफ करायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून तो खाचांत उतरवायचा आणि वाळत आला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने थोपटायची. खोदलेलं अक्षर पांढरं राहतं, भोवतीचा दगड काळा उमटतो. आपल्याकडे हा ठसा वाचण्यासाठी असतो. वाचन छापून आलं की तो कपाटात जातो. कार्ल्यातल्या, धेनुकाकट गावच्या दात्याच्या लेखातलं अक्षर गिरवायला बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. चीनमध्ये मात्र हजार वर्षांहून अधिक काळ ठसा ही स्वतंत्र वस्तू आहे. तो विकत घेतात, वारशाने देतात, त्याच्या खरेखोटेपणावरून भांडतात आणि रोज सकाळी तो समोर ठेवून हात घडवतात. समोर कुठला ठसा ठेवायचा, यातूनच तिथल्या अक्षरांचा इतिहास घडला.

आमच्या शिफूंचा, म्हणजे गुरूंचा, नियम होता, की कागद दुरुस्त करणाऱ्यानेही रोज एक पान लिहिलंच पाहिजे. फटकारा कुठे संपतो हे हाताला कळलं नाही, तर फाटका भाग जुळवताना चूक होते, असं ते म्हणत. त्यांनी मला पहिल्यांदा समोर ठेवायला दिला तो वांग शीझी. चीनमध्ये कुणीही तेच दिलं असतं.

सन 353 च्या वसंत ऋतूत शाओशिंगजवळच्या लानथिंग इथे वांग शीझीने मित्रमंडळी जमवली. ओढ्याच्या पाण्यावर मद्याचे प्याले सोडून सगळ्यांनी कविता केल्या, आणि त्या कवितांना त्याने प्रस्तावना लिहिली. ती 28 ओळींची, 324 अक्षरांची. चिनी सुलेखनातला सर्वांत नावाजलेला मजकूर तो हाच. त्याची मूळ प्रत आज नाही. वांग शीझीच्या हातचा एकही कागद आज उरलेला नाही. सातव्या शतकात थांग घराण्याचा सम्राट थाइझोंग याने त्याचं लेखन झपाटल्यासारखं गोळा केलं, दरबारातल्या कारागिरांकडून त्याच्या नकला करवल्या, आणि ती प्रस्तावना त्याच्याबरोबर त्याच्या थडग्यात पुरली गेली अशी परंपरा सांगते. नकला करायची पद्धत अशी: मूळ कागदावर पातळ कागद ठेवून प्रत्येक फटकाऱ्याची कड केसासारख्या रेघेने काढायची, मग आतला भाग शाईने भरायचा. बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात यातली एक प्रत आहे. कुंचल्याचे केस जिथे दुभंगले तिथल्या बारीक रेघाही तिच्यात उतरवलेल्या आहेत. लिहिताना खोडलेले, वर गिरवलेले शब्दही तसेच.

म्हणजे ज्याला अक्षरांचा महर्षी मानतात, त्याला आपण ओळखतो ते नकलाकारांच्या हातून. आणि तोसुद्धा सदैव पहिल्या क्रमांकावर नव्हता. त्याच्या मागून शंभरएक वर्षं लोकांना वेड होतं ते त्याच्या धाकट्या मुलाचं, वांग शिएनझीचं. मुलाचं अक्षर जास्त मोकळं, एका श्वासात वाहत जाणारं. सहाव्या शतकाच्या आरंभी लियांग घराण्याच्या सम्राट वूने हा क्रम उलटा केला, आणि थाइझोंगने त्यावर राजमुद्राच उमटवली. जिन घराण्याच्या इतिहासात वांग शीझीच्या चरित्राला जोडलेला गौरवलेख त्याने स्वतः लिहिला. त्यात मुलाच्या अक्षराला त्याने हिवाळ्यातल्या निष्पर्ण झाडाची उपमा दिली. 687 मध्ये सुन गुओथिंगने सुलेखनावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही तो वडिलांच्याच बाजूने उभा आहे. हा ग्रंथ म्हणजे स्वतःच सुलेखनाचा नमुना आहे, आणि तो आज तैपेईत आहे. पुढे सुंग काळात मी फू हा सुलेखक आला आणि मुलाकडे झुकला. एकाच घरातल्या दोन माणसांचं पारडं सात शतकं असं वरखाली होत राहिलं, आणि प्रत्येक वेळी ज्याचं पारडं जड झालं त्याचे कागद जास्त जपले गेले. मुलाचं लेखन इतकं कमी का उरलं, याच्या कारणांत थाइझोंगची नावड धरावी लागते.

992 मध्ये सुंग दरबाराने शाही संग्रहातली निवडक अक्षरं कोरून दहा खंडांचा संग्रह छापला. त्यातले पाच खंड या बापलेकांचे. मोठ्या अधिकाऱ्यांना त्याचे छापे भेट मिळत. ज्यांना मूळ दिसण्याची आशाच नव्हती अशा माणसांच्या टेबलावरही वांग शीझी पोचला. पण मूळ पाट्या गेल्या, मग छाप्यावरून नवे दगड कोरले, त्यांच्या छाप्यावरून आणखी नवे, आणि हे शतकानुशतकं चाललं. आमच्याकडे एकाच पत्राचे दोन वेगवेगळ्या पिढ्यांतले छापे दुरुस्तीला आले होते. शिफूंनी ते शेजारी ठेवले. पहिल्यात एका फटकाऱ्याच्या शेवटच्या आकडीचं टोक वर उचलताना बारीक होत जातं आणि थोडं आत वळतं. दुसऱ्यात ते टोक गोल, गुळगुळीत, जाड. पाथरवटाने जेवढं पाहिलं तेवढं कोरलं. शिफू म्हणाले, "आता ज्याने लहानपणापासून हा दुसराच गिरवला, त्याचा हात कसा होईल बघ." तसंच झालं. सरकारी परीक्षेत चालणारं नेटकं, काळंभोर, एकसारखं अक्षर हेच चांगलं अक्षर ठरलं. खांगशी सम्राटाला दोंग छीछांग आवडे म्हणून सगळे दोंगसारखे लिहीत, मग छ्येनलोंगला झाओ मंगफू आवडला म्हणून सगळे झाओसारखे.

याविरुद्ध जे उठले त्यांना मी मनापासून मानते. अठराव्या शतकात चीनमधले विद्वान जुन्या ग्रंथांचा मजकूर पुराव्याने तपासू लागले होते, आणि पुराव्यासाठी ते रानोमाळ पडलेले शिलालेख शोधत होते. 1786 मध्ये हुआंग यी याने शांडोंगमध्ये हान काळातल्या वू घराण्याच्या समाधिमंदिरांचे कोरीव दगड जमिनीतून वर काढले. इतिहासासाठी काढलेले ठसे घरी आले, भिंतीवर लागले, आणि माणसांचा डोळा बदलला. रुआन युआनने मांडलं की अक्षरांच्या दोन परंपरा होत्या. दक्षिणेकडची कागदावरच्या पत्रांची, उत्तरेकडची दगडावरची. थाइझोंगच्या आवडीमुळे दक्षिणेची मान्य झाली आणि उत्तरेची विस्मरणात गेली. डंग शीरू या कलावंताने प्राचीन वळणं हातात आणून दाखवली, बाओ शीछेनने त्यावर शास्त्र रचलं. आणि 1889 मध्ये कांग यौवेईने एक पुस्तक लिहून सगळ्यावर कळस चढवला. त्याच्या आदल्या वर्षीच सम्राटाला सुधारणांचं निवेदन देण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता. राज्यकारभार बदलता येत नाही म्हणून जणू त्याने अक्षर बदलायला घेतलं. उत्तर वेई काळातल्या दगडांत एकही वाईट नाही, खेड्यातल्या गरीब बायापोरांनी कोरवलेल्या मूर्तिलेखांतही बळ आहे, असं त्याचं मत. थांग काळाला त्याने जवळजवळ मोडीतच काढलं. मला त्याचा हा हट्ट जाचतो. पण जिथे कुणी पाहत नव्हतं तिथे त्याने पाहायला लावलं, हे खरं. पुढे त्याने पुढाकार घेतलेल्या 1898 च्या राजकीय सुधारणा चिरडल्या गेल्या, त्याच्या पुस्तकांवर बंदी आली, आणि परागंदा झालेला हा माणूस 1901 च्या अखेरीपासून 1903 पर्यंत मुलीसह आपल्या दार्जिलिंगला राहिला.

कांगने ज्यांचे गोडवे गायले ते बरेचसे लेख लुओयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांतले. उत्तर वेई घराण्याने पाचव्या शतकाच्या अखेरीस राजधानी लुओयांगला आणली आणि नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यात बुद्धमूर्ती खोदल्या जाऊ लागल्या. मूर्तीशेजारी दात्याचा लेख. त्यातले वीस निवडून त्यांना 'लोंगमेनचे वीस' असं नाव पडलं. एकोणीस एकाच गुयांग गुहेत आहेत. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला कान्हेरीच आठवली. तोच धर्म, तीच भक्ती, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने पुण्य जोडायची तीच धडपड. 495 च्या लेखात युछी घराण्यातली एक बाई आपल्या गेलेल्या मुलासाठी मैत्रेयाची मूर्ती करवते. अक्षराच्या नादात असलेले लोक हा मजकूर क्वचितच वाचतात. मी तो दर वेळी वाचते. एका आईने कोरवलेलं हे दुःख पुढे लाखो लोकांनी फटकाऱ्याचा कोन शिकण्यासाठी गिरवलं, याची मला अजून सवय झालेली नाही.

आमच्याकडे आलेली वही या विसांपैकी एका लेखाची होती. भिक्षू हुइछेंगने आपल्या दिवंगत वडिलांसाठी, शीपिंगच्या सरदारासाठी, 498 मध्ये कोरवलेला लेख. हा लेख वेगळा आहे. अक्षरं खोदलेली नाहीत, उठावाची आहेत. भोवतीचा दगड खणून काढलाय आणि अक्षरांमधल्या चौकटीच्या रेघाही उठावाच्याच. त्यामुळे ठशात सगळं उलटं होतं: कागद पांढरा, अक्षर काळं. वही उघडली की वाटतं, कुणी आत्ताच जाड कुंचल्याने लिहून ठेवलंय. ज्यांना दगडातून थेट कुंचला पाहायचा होता, त्यांना हा लेख विशेष प्रिय का झाला असेल ते लगेच कळतं.

ही वही पट्ट्यांची होती. भिंतीएवढा मोठा ठसा गिरवायला समोर ठेवता येत नाही, म्हणून तो ओळींप्रमाणे कापायचा, तुटका भाग टाकून द्यायचा आणि उरलेल्या पट्ट्या वहीच्या पानांवर जुळवून चिकटवायच्या. कापणाऱ्याचा हेतू उघड आहे: त्याला नमुना हवा होता, स्मारक नको होतं. पाथरवटाने अक्षरांमध्ये किती अंतर ठेवलं, लेख मूर्तीच्या कुठल्या बाजूला होता, कडेला दगड कसा फुटला होता, हे सगळं कात्रीखाली गेलं. दगडांचे चाहते वाढले तसा अखंड ठसा जपण्याकडे कल वाढला. फुटलेली कडसुद्धा लोकांना हवीशी वाटू लागली. वहीच्या मालकांनाही तेच हवं होतं. पट्ट्या सोडवून, रिकाम्या जागी कोरा कागद लावून, पुन्हा एक सलग मोठा ठसा करून द्या, असं त्यांचं म्हणणं.

मी आधी तिरप्या प्रकाशात पानं पाहिली. अंधार करायचा, दिवा टेबलाच्या पातळीवर आणायचा आणि उजेड कागदावरून सरपटत जाऊ द्यायचा. खऱ्या ठशाची शाई कागदाच्या उंचवट्यांवरच बसलेली असते. दगडाचा खरखरीतपणा तिच्यात सूक्ष्म ठिपक्यांनी दिसतो, आणि फटकाऱ्याच्या कडेला कागद किंचित मुडपलेला असतो. चौथ्या पानावर एका आडव्या फटकाऱ्याचं टोक मात्र वेगळं दिसलं. तिथे शाई सपाट, तंतूंच्या आत मुरलेली, कागद अगदी समतल. दगडाचा तो कोपरा ठसा काढण्यापूर्वीच झिजला असणार, आणि पांढऱ्या पडलेल्या त्या जागी कुणीतरी कुंचल्याने काळं भरलं होतं. पुढे पाहत गेले तर अशी भर अनेक अक्षरांना होती. जुन्या ठशात अक्षरं जास्त शाबूत असतात, आणि जितका ठसा जुना तितकी किंमत मोठी. त्यामुळे शाबूतपणाची बतावणी करण्यासाठी अशी भर घालण्याचा उद्योग चीनमध्ये फार जुना आहे. मला चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीने. भरलेले कोपरे शेजारच्या अस्सल कोपऱ्यांपेक्षाही धारदार होते. अस्सल कोपरा जरा बोथट, एका अंगाला उतरता. भरलेला मात्र पट्टीने आखावा तसा काटकोनी. भरणाऱ्याच्या मनात वेई अक्षराचं जे चित्र होतं, ते त्याने दगडाच्या तोंडी घातलं होतं. तो कोपरा सहाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा नव्हे. तो कांगच्या वाचकांचा.

विसाव्या शतकातले जाणकार छी गोंग आयुष्यभर हेच बजावत राहिले, की लेखाकडे पाहताना छिन्नीच्या धारेच्या पलीकडे कुंचल्याचं टोक शोधा. वेई काळातला लेखनिकही मऊ कुंचल्यानेच लिहीत होता. चौकोनी कोपरा हा बहुधा पाथरवटाच्या दोन घावांचा परिणाम. त्याची नक्कल कुंचल्याने करू गेलात तर हात अवघडतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर ली रुइछिंगसारखे लोक झिजलेल्या रेघेची खडबड आणण्यासाठी कुंचला मुद्दाम थरथरवत लिहायचे. छी गोंगचं म्हणणं मला पटतं, तरी पूर्ण नाही. पाथरवटाच्या घावालाही सौंदर्य असतं. ते त्याचं म्हणून पाहावं, एवढंच.

शिफूंचा आणि माझा खरा वाद मात्र यान झेनछिंगवरून झाला. यान आठव्या शतकातला. आन लूशानच्या बंडात त्याचा चुलतभाऊ आणि पुतण्या जिमिंग मारले गेले, आणि 758 मध्ये त्याने पुतण्याच्या श्राद्धासाठी लिहिलेल्या मजकुराचा कच्चा खर्डा आज तैपेईत आहे. खाडाखोड, मध्येच कोरडा पडलेला कुंचला, परत शाईत बुडवल्यावर उमटलेलं जाड अक्षर, शेवटाकडे वाढत गेलेला वेग. जगात कुठेही मला याहून खरं लेखन दिसलेलं नाही. पण यानलाही सगळ्यांनी मान दिला नाही. दक्षिण थांगचा शेवटचा राजा ली यू याला त्याचं ठसठशीत अक्षर हातपाय जुळवून उभ्या राहिलेल्या खेडवळ शेतकऱ्यासारखं वाटे. मी फूला त्याचं चालतं अक्षर आवडे, पण घोटीव अक्षर ही सगळ्या वाईट अक्षरांची जननी वाटे. यानला शिखरावर नेलं ते ओउयांग शिऊ आणि सू शी यांच्या पिढीने, आणि नेताना त्यांच्या डोळ्यांसमोर नुसतं अक्षर नव्हतं. बंडखोरांपुढे न वाकता मरण पत्करलेला निष्ठावान अधिकारी होता.

माणूस चांगला तर अक्षर चांगलं, हा दंडक तिथून घट्ट झाला. सुंग काळाच्या चार श्रेष्ठींत चौथं नाव त्साय. ते मुळात त्साय जिंगचं असावं आणि तो भ्रष्ट मंत्री म्हणून बदनाम झाल्यावर त्याच्या जागी सज्जन त्साय शियांग बसवला गेला, असं अनेकांचं मत आहे. झाओ मंगफू सुंग राजघराण्यातला, पण घराणं बुडाल्यावर मंगोलांच्या चाकरीत गेला. पुढच्यांना त्याच्या देखण्या अक्षरात कणाहीनपणा दिसू लागला. सतराव्या शतकातला थाइयुआनचा वैद्य आणि लेखक फू शान याने तरुणपणी झाओ गिरवला होता. मिंग राज्य पडल्यावर त्याने झाओचा धिक्कार केला आणि मुलाबाळांना बजावलं, की चलाखीपेक्षा ओबडधोबडपणा बरा, लाडिकपणापेक्षा कुरूपपणा बरा. म्हातारपणी झाओबद्दल त्याचाच सूर मवाळ झाला. शिफू या दंडकाचे. "माणूस वजा केलास तर यानच्या खर्ड्यात उरतं काय? डाग," ते म्हणाले. मी म्हटलं, "शिफू, मग लोंगमेनचं काय? तिथे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंही तुम्हाला माहीत नाहीत. चांगली माणसं होती की नव्हती, कसं ठरवणार?" त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, की म्हणूनच त्यांना ते दगड पूर्णपणे आवडत नाहीत.

माझ्या मते दगडांनी केलेलं सर्वांत मोठं काम हेच होतं. फू शानने कुरूपपणा बरा म्हटलं, पण तेही एका गद्दाराला नाकारण्यासाठी. दगडांपुढे असं काही नाकारता येत नव्हतं आणि गौरवताही येत नव्हतं. चरित्र नसलेलं अक्षर समोर आल्यावर माणसांना पहिल्यांदा नुसतं पाहावं लागलं. तरीही यानचा खर्डा हाती आला असता तर मी श्वास रोखून उभी राहिले असते, त्या पुतण्यासाठी. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचं भांडण मिटवायची मला घाई नाही. हा खर्डा 2019 मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शनाला गेला तेव्हा चीनमध्ये केवढा संताप उसळला. प्रवासाने कागदाला धोका होईल ही चिंता त्यात होती, आणि हा कागद जपानला दिलाच कसा हा सवालही होता.

दगड पुरावा म्हणून किती लांब जाऊ शकतो, हे 1965 मध्ये दिसलं. नानजिंगजवळ वांग शीझीच्या चुलतभावाच्या, वांग शिंगझीच्या थडग्यातला लेख सापडला. अक्षर चौकोनी, ताठ. लानथिंगच्या वाहत्या अक्षराशी काडीचं नातं नाही. त्यावरून इतिहासकार गुओ मोरुओने जाहीर केलं, की लानथिंगची प्रस्तावना नंतरच्या कुणाची तरी बनावट आहे. गाओ अर्शीने विरोधात लेख लिहिला, आणि माओच्या पाठिंब्याने तो छापूनही आला. मला गाओची बाजू जास्त पटते. थडग्यातल्या दगडावर पाथरवटासाठी लिहायचं अक्षर आणि मित्रांसमोर मद्याच्या भरात लिहायचं अक्षर एका माणसाचीही वेगळी असतात. आपल्या घरातल्या मोडीतल्या जमाखर्चाची वही आणि त्याच हातचं बाळबोध स्तोत्र ज्याने पाहिलंय, त्याला हे समजवावं लागत नाही.

वहीबद्दल मी मालकांना लेखी कळवलं, की पट्ट्या सोडवणार नाही आणि भर घातलेली शाईही काढणार नाही. शाई काढू गेलं तर ओलाव्याने अस्सल ठशाचा पृष्ठभाग दबतो, हे तांत्रिक कारण होतंच. पण ते नसतं तरी मी नकारच दिला असता. ज्याने पट्ट्या कापल्या त्याने गिरवण्याच्या काळाची साक्ष ठेवली, ज्याने कोपरे धारदार केले त्याने दगडांच्या वेडाची. अखंड ठशाची आवड आज माझ्या पिढीची आहे म्हणून मी तिच्यासाठी या दोघांना पुसून टाकू लागले, तर पुढच्या माणसाच्या हाती फक्त माझीच आवड उरेल. मालक नाराज झाले आणि त्यांनी ते लपवलं नाही. शेवटी ठरलं ते असं: सुटलेले सांधे गव्हाच्या पातळ खळीने पक्के केले, कसरीची भोकं आतून भरली, आणि प्रत्येक पानाची साध्या व तिरप्या प्रकाशातली छायाचित्रं वहीबरोबर पेटीत ठेवली.

सध्या चीनमध्ये वाद आहे तो 'कुरूप अक्षरां'चा. पिचकारीने शाई उडवणारे आणि खरोखर शोध घेणारे गंभीर लेखक, दोघांनाही लोक त्याच एका शिवीत बसवतात, आणि त्याचा मला त्रास होतो. दुसरीकडे कित्येक वर्षं अडगळीत गेलेले पत्रसंग्रहांचे छापे पुन्हा बाहेर येताहेत. तरुण मुलं ते विकत घेऊन गिरवताहेत. अशीच एक छिंग काळातली पुनर्कोरीव प्रत आता माझ्या टेबलावर आहे. छापा मध्यम, कडा खाल्लेल्या, पण एका जुन्या वाचकाने त्याला आवडलेल्या अक्षरांशेजारी शेंदरी शाईने बारीक वर्तुळं काढली आहेत. काही पानांवर एकही नाही, एका पानावर जवळजवळ प्रत्येक अक्षराला. त्याची निवड माझ्याशी फारशी जुळत नाही. मला उत्तम वाटलेल्या दोन ओळी त्याने सरळ ओलांडल्या आहेत. शेंदूर कागदावर सैल बसलाय, ओल्या ब्रशने हात लावला की सुटेल. म्हणून त्या पानांना अस्तर लावण्याआधी वर्तुळांवर पातळ सरस किती द्यायचा, याच्या चाचण्या मी कडेच्या एका फाटक्या तुकड्यावर घेते आहे.